कराची ते जुहू, साधारण सात तास

आमच्या कुळगावात अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. बदलापूर स्टेशनापासून मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस अडुसष्ट किलोमीटर आहे, हे रोज जाणाऱ्यांतल्या किती जणांना सांगता येईल कोण जाणे. पण विचारलंत तर उत्तर तयार असतं : दीड तास. कल्याणच्या पुढे गाडी रखडली तर पावणेदोन. हाच हिशेब आता आमच्या सोसायट्यांमधले आजी-आजोबा परदेशातल्या मुलांबाबत करतात. मुलगा न्यूयॉर्ककडे आहे म्हणजे किती दूर आहे? सोळा तास. लेक लंडनला आहे, दहा तास. साडेबारा हजार किलोमीटर किंवा सात हजार दोनशे किलोमीटर हे आकडे तिकिटाच्या कागदावर असतील. मनात राहतात ते तास. रात्री गच्चीत उभं राहून मुंबईकडे उतरणीला लागलेल्या विमानाचे दिवे पाहणारा म्हातारा माणूस त्या दिव्यांकडे पाहून तासच मोजत असतो.

या तासांना आपल्या देशात जन्म देणारा माणूस शोधायचा झाला तर माझ्यापुरतं नाव एकच, जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. जे.आर.डी. त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि बरंचसं उद्योगपती म्हणून. पोलाद, मोटारी, रसायनं, संशोधन संस्था. ते सगळं खरंच आहे. पण मी आयुष्यभर बँकेत टपाल आणि तारखा यांच्याशी झगडलेला माणूस असल्यामुळे मला ते दिसतात ते टपालाची थैली घेऊन निघालेले वैमानिक म्हणून.

जन्म पॅरिसचा, २९ जुलै १९०४ चा. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजींच्या नात्यातले आणि पेढीतले भागीदार. आई सुझान ब्रिएर ही फ्रेंच. घरात पाच भावंडं, आणि घर सतत हललेलं. कधी फ्रान्स, कधी मुंबई, मध्येच जपान. दोन देशांच्या मधलं अंतर म्हणजे काय हे या मुलाला बोटीच्या डेकवर उभं राहून कळलं. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो या गावी त्यांचं उन्हाळी घर होतं, आणि शेजारी कोण, तर लुई ब्लेरिओ! १९०९ च्या जुलैत इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारा पहिला माणूस. तिथल्या वाळूवर विमानं उतरत, आणि हा मुलगा ती पाहत राही. पंधराव्या वर्षी त्याच गावात तो पहिल्यांदा विमानात बसला, पाहुणा म्हणून, पैसे मोजून. वैमानिक व्हायचं ते तेव्हाच ठरलं.

पण ठरणं आणि होणं यांत दहा वर्षं गेली. १९२३ मध्ये आई क्षयाने गेली. फ्रेंच नागरिक म्हणून वर्षभर फ्रेंच सैन्यात नोकरी करावी लागली, ती घोडदळात. तिथेच राहावं असं त्यांच्या मनात होतं. वडिलांनी मुंबईला बोलावून घेतलं. पुढे त्यांची ती तुकडी मोरोक्कोत जवळजवळ सगळी कापली गेली. १९२६ मध्ये वडीलही वारले, आणि बावीस वर्षांच्या मुलावर घर आणि पेढीतली जागा येऊन पडली. कॉलेजचं शिक्षण राहिलं ते राहिलंच.

१९२८ साली मुंबईत फ्लाइंग क्लब निघाला, जुहूला. जे.आर.डी. धावत गेले असणार. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला, आणि त्यावर क्रमांक होता एक. भारतात दिलेला पहिलाच. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडलं.

यानंतरची गोष्ट मला त्यांच्या सगळ्या चरित्रात सर्वांत प्रिय आहे, आणि गंमत अशी की ती हरल्याची गोष्ट आहे. आगाखानांनी एक बक्षीस लावलं होतं : इंग्लंड आणि भारत यांच्यामधलं अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला पाचशे पौंड. कोणत्याही बाजूने निघा, पण ठरलेल्या मुदतीत पोचा. तिघे निघाले. मनमोहन सिंग वाटेत चुकत, परत फिरत अखेर पोचले, पण मुदत उलटून गेली होती. अॅस्पी इंजिनियर हा सतरा वर्षांचा पोरगा इंग्लंडमधून कराचीकडे निघाला. आणि जे.आर.डी. ३ मे १९३० रोजी कराचीहून लंडनजवळच्या क्रॉयडनकडे.

कराची ते लंडन हवाई अंतर सहा हजार तीनशे किलोमीटरांच्या आसपास. आजच्या विमानाला आठ-साडेआठ तास. त्यांचं जिप्सी मॉथ हे लाकूड आणि कापडाचं, एका इंजिनाचं, वरून उघडं. रेडिओ नाही. खाली रेल्वेचा रूळ किंवा समुद्राचा काठ दिसेल त्यावरून मार्ग काढायचा. मग सरळ रेषा कसली! जिथे पेट्रोल मिळेल तिथे उतरायचं, आणि म्हणून अंतर वाढत जायचं.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीरच्या तळावर जे.आर.डी. उतरले, तर तिथे समोर अॅस्पीचं विमान उभं. त्याच्या इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि तो सुटा भाग मिळण्याची वाट पाहत अडकून पडला होता. जे.आर.डीं.कडे जादा प्लग होते. शर्यतीतला प्रतिस्पर्धी समोर खोळंबला आहे, आपण काहीच न करता पुढे निघून गेलो तर बक्षीस खिशात, आणि कुणी दोषही देणार नाही. त्यांनी प्लग काढून दिले. दोघं विरुद्ध दिशांना उडाले. अॅस्पी कराचीला पोचला तेव्हा जे.आर.डीं.ना क्रॉयडन गाठायला थोडाच अवकाश होता. त्या थोडक्याने बक्षीस अॅस्पीला गेलं. हाच अॅस्पी इंजिनियर पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला, १९६० ते १९६४.

असल्या गोष्टी ऐकल्या की आपल्याकडे लगेच दिलदारपणाचे गोडवे सुरू होतात. मला वाटतं, त्यात दिलदारपणाइतकाच हिशेबही होता, आणि तो चांगला हिशेब होता. आकाशात तेव्हा इतकी थोडी माणसं होती, की वाटेत अडकलेल्याला भाग न देणं म्हणजे उद्या आपल्यालाही कुणी देणार नाही, हे मान्य करणं. कोकणातल्या जुन्या घाटांत बैलगाडीवाले एकमेकांना जू लावून देत, तसंच हे.

आता १९३२ कडे येऊ. इंग्लंडहून विमानाने येणारं टपाल इंपीरियल एअरवेजमार्फत १९२९ पासून कराचीपर्यंत येत होतं, साधारण आठवड्याभरात. त्यापुढे आगगाडी. म्हणजे लंडनचं पत्र हजारो मैल हवेतून यायचं आणि शेवटी कराचीच्या फलाटावर उतरून इतर सामानासारखं मुंबईकडे निघायचं. गंमत पाहा, तेव्हा कराची ही मुंबई इलाख्याचाच भाग होती. सिंध वेगळा झाला १९३६ साली. आणि मद्रासचं टपाल? ते मुंबईहून मद्रास मेलने जायचं, म्हणजे आमच्या बदलापूरवरून, कर्जतवरून, बोरघाट चढून. आमच्या या लोहमार्गावरून १८५६ पासून गाड्या धावत आहेत. किती तरी परदेशी पत्रं रात्रीच्या वेळी कुळगावच्या भातशेतांमधून दक्षिणेला गेली असतील.

नेव्हिल विन्सेंट नावाचा, ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला धाडसी वैमानिक टाटांकडे योजना घेऊन आला होता : कराचीहून अहमदाबाद, मुंबई, बेल्लारीमार्गे मद्रास अशी टपाल विमानसेवा. घरातले वडीलधारे सर दोराबजी टाटा नाखूश होते. जॉन पीटरसन या वरिष्ठ सहकाऱ्याने मध्यस्थी केली तेव्हा कुठे होकार मिळाला. भांडवल दोन लाख रुपये. सरकार एक पैसा अनुदान द्यायला तयार नव्हतं. जितकं टपाल न्याल तितके पैसे, एवढंच. एप्रिल १९३२ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. दोराबजी त्याच जूनमध्ये वारले. पहिलं विमान त्यांनी पाहिलं नाही.

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या द्रिघ रोड तळावरून सकाळी साडेसहाच्या सुमारास जे.आर.डी. पुस मॉथ विमानातून एकटेच निघाले. बरोबर टपाल सुमारे पंचवीस किलो. ताशी वेग शंभर मैलांच्या आसपास. कराची ते अहमदाबाद सुमारे सहाशे किलोमीटर. तिथे बैलगाडीतून आणलेल्या डब्यांमधून पेट्रोल भरलं गेलं. पुन्हा उड्डाण, आणि साडेचारशेच्या आत-बाहेर किलोमीटर दक्षिणेला जुहू. दुपारी दोनच्या सुमारास विमान जुहूच्या मातीवर टेकलं. थांबा धरून साधारण सात तास. तिथून विन्सेंटने टपाल उचललं आणि बेल्लारीला रात्र काढून मद्रासला नेलं. आमच्या रुळांवरून जाणाऱ्या थैलीने आता त्याच डोंगरांवरून वरच्या वाटेने जायला सुरुवात केली.

पहिल्या दिवसाचं कौतुक सगळे करतात. पण खरी परीक्षा पुढच्या तीनशे चौसष्ट दिवसांची असते, हे नोकरी केलेल्या कुणालाही ठाऊक असतं. जुहूचा तळ म्हणजे समुद्रालगतची सखल चिखलवट. झावळ्यांनी शाकारलेली एक शेड, दोन विमानं, बोटांवर मोजण्याइतकी माणसं. पावसाळ्यात सगळा तळ पाण्याखाली. मग विमानं, माणसं, हत्यारं सगळं उचलून पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर न्यायचं आणि पाऊस संपला की परत. अशा स्थितीत पहिल्या वर्षी त्यांनी एक लाख साठ हजार मैल उड्डाण केलं, सुमारे पावणेदहा टन टपाल नेलं, एकशे पंचावन्न प्रवासी नेले, आणि साठ हजार रुपये नफा दाखवला. प्रवासी म्हणजे टपालाच्या थैल्यांबरोबर कोंबून बसलेला माणूस. भाडं भरणारं सामानच म्हणा. पण सर्वांत मोठा आकडा वेगळाच होता. वर्षअखेर वक्तशीरपणाची नोंद शंभर टक्के निघाली.

बँकेतल्या माणसाला हा आकडा का भावतो, ते सांगतो. परदेशी बिल वटवताना आम्ही त्यात टपालात जाणाऱ्या दिवसांचं व्याज धरत असू. बिल विकत घेतलं, पण पैसे हातात येणार ते कागद तिकडे पोचून वसूल झाल्यावर. मधल्या दिवसांची किंमत कुणी तरी मोजायलाच हवी. टपाल कधी चार दिवसांत, कधी आठ दिवसांत जात असेल तर बँक आठ दिवस धरणार. ते नक्की चार दिवसांत जातं असं म्हटलं, की व्यापाऱ्याचे चार दिवसांचे व्याजाचे पैसे वाचतात. विमानाचा वेग ही त्यातली अर्धी गोष्ट. वेळ पाळणं ही उरलेली अर्धी, आणि जरा वजनदार. जे.आर.डीं.नी हे अगदी आरंभी ओळखलं.

१९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. त्याआधी दोन वर्षं धाकटा भाऊ जिमी ऑस्ट्रियात विमान अपघातात गेला होता. युद्धात, १९४२ साली, विन्सेंटचं विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ पाडलं गेलं. आकाशाने त्यांच्या अगदी जवळची दोन माणसं घेतली. तरी त्यांनी विमान सोडलं नाही, आणि त्याबद्दल फारसं बोललेही नाहीत.

८ जून १९४८ ला मुंबईहून ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार इंजिनांचं कॉन्स्टेलेशन विमान लंडनला निघालं. कैरो, जिनिव्हा, लंडन. टप्पे जोडले तर आठ हजार किलोमीटरांच्या जवळपास, आणि वेळ एक दिवस. अठरा वर्षांपूर्वी कराचीहूनच नऊ-दहा दिवस लागले होते. आज थेट विमान सात हजार दोनशे किलोमीटर जातं. नकाशावर मुंबई आणि लंडन यांना पट्टीने जोडलं तर ही वाट येत नाही. घरातल्या पोराला पृथ्वीगोल घेऊन दोन शहरांवर दोरा ताणायला सांगा. तो उत्तरेकडे वाकून कॅस्पियन समुद्रावर सरकेल. तीच सर्वांत जवळची वाट. आणि जाताना दहा तास लागतात तर येताना नऊच, कारण उंचावरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो. लेक सासरी जायला वेळ लागतो, माहेरी यायला कमी, असं आमच्याकडे एक आजी म्हणायच्या ते विमानाबाबत तरी अक्षरशः खरं आहे. निदान पश्चिमेला दिलेल्या लेकींबाबत.

याच मलबार प्रिन्सेसचा शेवट फार वाईट झाला. ३ नोव्हेंबर १९५० ला जिनिव्हाकडे उतरताना ते माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. अठ्ठेचाळीस माणसं गेली. पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ ला, त्याच पर्वतावर एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ कोसळलं आणि एकशे सतरा जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभाही होते. भाभा हे जे.आर.डीं.चे स्नेही, ज्या संस्थेतून देशाचं अणुसंशोधन उभं राहिलं ती दोघांच्या पत्रव्यवहारातून निघालेली. हिमनदी मात्र आपल्या गतीने चालते. १९५० च्या विमानातल्या टपालाचा एक गठ्ठा १९७८ साली बर्फातून खाली आला आणि त्यातली बरीच पत्रं मूळ पत्त्यांवर पाठवली गेली. १९६६ च्या विमानातली भारत सरकारच्या टपालाची थैली २०१२ मध्ये मिळाली. सेहेचाळीस वर्षं. ज्याने आयुष्यभर तासांचा हिशेब ठेवला त्याच्या कंपनीच्या टपालाला लागलेला हा काळ मला कधी कधी रात्री आठवतो.

१९५३ मध्ये सरकारने सगळ्या विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जे.आर.डीं.ना ते झोंबलं. आपल्याला आधी विश्वासातही घेतलं नाही ही त्यांची तक्रार होती. तरी परदेशी सेवेचं अध्यक्षपद स्वीकारलं आणि पंचवीस वर्षं सांभाळलं. विमानात बसले की पडद्याचा रंग, चहाचा रंग, पाठ टेकवायच्या खुर्चीचा कल, न्हाणीघराची स्वच्छता सगळं टिपून आणत आणि संबंधितांना लेखी कळवत. हाताखालच्यांना ते जाचक वाटलं असेल. असे साहेब मीही पाहिले आहेत. त्यांचं नाव काढलं की शाखेत कपाळाला आठ्या पडत, आणि ते बदलून गेले की महिन्याभरात खातेदार कुरकुरायला लागत. १९६० मध्ये बोईंग ७०७ आली, त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. तासांमध्ये अमेरिका मोजण्याची आपली सवय तेव्हाची.

सगळंच पटण्यासारखं होतं असं नाही. आणीबाणीत त्यांनी शिस्तीच्या बाजूने जे मत दिलं ते मला आजही खटकतं. ज्याने स्वतःची कंपनी सरकारच्या एका कायद्याने हातातून जाताना पाहिली, त्याला अनिर्बंध सत्तेचा धोका इतरांपेक्षा आधी दिसायला हवा होता. तो धोका त्यांच्यापर्यंत दोन वर्षांत आलाच, फक्त दुसऱ्या पक्षाच्या हातून. १ जानेवारी १९७८ ला ‘एम्परर अशोक’ हे जंबो विमान मुंबईहून उडताच वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. दोनशे तेरा माणसं गेली. महिनाभरात, फेब्रुवारीच्या आरंभी, मोरारजी देसाई सरकारने जे.आर.डीं.ना अध्यक्षपदावरून दूर केलं. बातमी त्यांना सरकारकडून मिळाली नाही. त्यांच्या जागी नेमलेले निवृत्त एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांच्याकडूनच ती कळली. विमानसेवेसाठी त्यांनी मोबदला म्हणून काही घेतलं नव्हतं. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, अध्यक्ष म्हणून नाही.

१५ ऑक्टोबर १९६२ ला, सेवेला तीस वर्षं झाली तेव्हा, अठ्ठावन्न वर्षांच्या जे.आर.डीं.नी जुन्या बनावटीच्या छोट्या विमानातून एकट्याने कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा केलं. आणि १५ ऑक्टोबर १९८२ ला तिसऱ्यांदा. वय अठ्ठ्याहत्तर! पुन्हा एकटे, पुन्हा कराची, अहमदाबाद, जुहू. तरुणांची उमेद खचली आहे, तिला थोडा हात द्यावा, असा त्यांचा उद्देश होता. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पहिल्या उड्डाणाला कराची आणि मुंबई एकाच इलाख्यात होती. दुसऱ्या वेळी मध्ये सरहद्द होती. तिसऱ्या वेळेपर्यंत त्या सरहद्दीवर १९६५ आणि १९७१ ची दोन युद्धं होऊन गेली होती. तरी एक म्हातारा माणूस छोट्या विमानातून तिकडून निघाला आणि दोन्ही देशांनी त्याला येऊ दिलं.

१९९२ मध्ये भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते गेले, म्हणजे त्यांच्या लंडन विमानाच्या जुन्या थांब्यावरच. त्यांचं दफन पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत झालं. मूलबाळ नव्हतं. कंपनी २७ जानेवारी २०२२ रोजी टाटांकडे परत आली, त्यांच्या पश्चात अठ्ठावीस वर्षांनी.

आमच्या भागात सध्या पनवेलकडच्या नव्या विमानतळाची चर्चा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, आणि कुळगावहून तिथे किती वेळात पोचता येईल यावर चहाच्या टपरीवर रोज नवा आकडा ऐकू येतो. त्याच वर्षी २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि भारताने काही दिवसांत तसंच उत्तर दिलं. युरोप-अमेरिकेच्या विमानांना वळसे पडले, तास वाढले. कराची ते मुंबई सरळ हवाई अंतर आठशे सत्तर किलोमीटर. जेट विमानाला दीड तास पुरतो. पण गेली काही वर्षं या दोन शहरांमध्ये थेट प्रवासी विमानच नाही. सिंधमधून १९४७ नंतर आलेल्या आमच्या उल्हासनगरच्या एखाद्या सिंधी कुटुंबाला कराचीचं जुनं घर बघायचं असेल, व्हिसाचं सगळं जमलं असेल, तर आधी दुबईला जायचं, तिथे विमान बदलायचं आणि मग कराचीला उतरायचं. तीन हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास. दुबईचा मुक्काम थोडा लांबला, तर जे.आर.डीं.च्या पुस मॉथला लागलेल्या वेळेपेक्षा जास्त.